आफ्रिकेतील नद्यांचे उतार

‘सफारी’ हा शब्द आज इंग्रजी पुस्तकांतून आणि चित्रपटांतून आपल्यापर्यंत येतो. परंतु त्याचे कूळ मराठी माणसास परके नाही. प्रवास ह्या अर्थाचा अरबी ‘सफर’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तोच शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरून स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. स्वाहिली बोलणाऱ्यास ह्या शब्दात सिंह दिसत नाही आणि बंदूकही दिसत नाही. शेजारच्या गावी जाऊन येणे हीही त्याच्या लेखी सफारीच होय.

ह्या प्रदेशातून ज्यांनी लांबचे प्रवास केले, त्यांच्या रोजनिशा चाळल्या तर असे आढळते की, वन्य पशूंपेक्षा त्यांना अधिक गांजले ते चिखलाने आणि पाण्याने. पाऊलवाटेने जाणारा असो वा मोटारीने जाणारा असो, त्याचा दिवस बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होई: पुढच्या नदीला उतार आहे काय, आणि असल्यास तो कोठे आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर नकाशात क्वचितच सापडे. ते त्या भूमीवर राहणाऱ्या माणसांपाशी असे. परंतु पैलतीरी पोहोचणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले आणि पोहोचविणाऱ्यांची नावे बहुतेक वाहून गेली. आफ्रिकेतील प्रवासाची कथा सांगताना हा हिशेबही मांडणे अवश्य आहे.

प्रथम ती भूमी कशी आहे ते पाहू. पूर्व आफ्रिकेत विषुववृत्ताच्या आसपास वर्षातून दोन पावसाळे येतात. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा लहान पावसाचा. ह्या पावसात तेथील काळ्या जमिनीचे जे रूप होते, ते समजून घेण्यास आपल्याकडच्या वाचकास आफ्रिकेत जावे लागणार नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनच्या काळ्या जमिनीस ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ असे नाव दिले होते. तेच नाव ते पूर्व आफ्रिकेत घेऊन गेले. तेथे त्या मातीत कापूस पिको वा न पिको, केनियातील सडका बांधणारे अभियंते आजही तिला त्याच नावाने ओळखतात. बेळगावच्या पूर्वेकडील शेतकऱ्यास, माळव्यातील गाडीवानास किंवा मराठवाड्यातून हैदराबादेस जाऊन राहिलेल्या कुटुंबास ह्या मातीचा स्वभाव ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी प्याली की ती फुगते, भेगा मिटतात आणि ती चाकास चिकटू लागते. चाकावर मातीचा थर, त्या थरावर दुसरा थर, असे होत होत चाकाचा गोळा बनतो आणि तो जागच्या जागी फिरत राहतो.

दुसरी अडचण कोरड्या नद्यांची. उत्तर केनियासारख्या रुक्ष भागात वर्षाचे कित्येक महिने नदीच्या पात्रात केवळ वाळू असते. अशा पात्रास तेथे ‘लुग्गा’ म्हणतात. डोक्यावर आकाश निरभ्र असते आणि कित्येक मैलांवरील डोंगरात वळीव कोसळलेला असतो. त्याचे पाणी अकस्मात भिंतीसारखे पात्रातून येते. वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ते पाणी देईलच असे नाही.

तिसरी अडचण फार लहान दिसते. परंतु आफ्रिकेच्या इतिहासास तिने मोठे वळण दिले आहे. ती म्हणजे त्सेत्से नावाची माशी. तिच्या दंशाने घोडे, बैल आणि खेचरे ‘नगाना’ ह्या रोगाने मरतात. आपल्याकडे मालाची वाहतूक शतकानुशतके बैलाच्या खांद्यावर होती. लमाणांचे तांडे आणि गाडीवानांचे काफिले ह्याच बळावर देशभर फिरले. आफ्रिकेच्या विस्तीर्ण भागात ह्या माशीमुळे बैलगाडीचे चाक चालूच शकले नाही. तेथे ओझे वाहिले ते माणसाच्या मस्तकाने. हस्तिदंत, कापड, मणी, तंबू आणि औषधाच्या पेट्या, सारे काही डोक्यावरून शेकडो मैल जाई. सफारी म्हणजे प्रत्यक्षात हमालांची लांबच लांब रांग होती.

ह्या रांगेत नाशिकहून गेलेली काही माणसे होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अरबी समुद्रातील गुलामांची गलबते इंग्रज आरमार पकडीत असे. त्यांतून सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींस मुंबईस आणून नाशिकजवळच्या शरणपूर येथे ठेवण्यात येई. चर्च मिशनरी सोसायटीने चालविलेल्या ह्या वसतिस्थानात ती मुले अक्षरओळख आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकत. गोदावरीचा पावसाळी पूर त्यांच्या लहानपणी डोळ्यांसमोरून गेलाच असेल. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून आपल्या अखेरच्या प्रवासास निघाला, तेव्हा नाशिकची काही मुले त्याच्याबरोबर होती. पुढे १८७२ मध्ये झांझिबारहून जी माणसे त्याच्या मदतीस पाठविण्यात आली, त्यांत जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता.

नाईल नदीचा उगम शोधीत लिव्हिंग्स्टन १८७३ च्या आरंभी आजच्या झांबियातील बांगवेउलु सरोवराच्या दलदलीत शिरला. पावसाळा ऐन भरात होता. जमीन कोठे संपते आणि नदी कोठे सुरू होते ते कळत नव्हते. आजाराने खंगलेल्या लिव्हिंग्स्टनला माणसांनी खांद्यावर घेऊन एक नदी कशी पार केली, ह्याची नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. पात्र सुमारे दोन हजार फूट रुंद होते. मुख्य प्रवाहात पाणी सुसी नावाच्या सेवकाच्या तोंडापर्यंत चढले. पुढे एकामागून एक माणूस त्यास खांद्यावर घेत गेला. पाण्याखाली हत्तींच्या पावलांचे खोल खड्डे होते. त्यांत वाहणाऱ्याचा पाय पडला की त्याला वर काढण्यास आणखी दोघे लागत.

मे १८७३ च्या आरंभी चितांबो येथे लिव्हिंग्स्टनचे निधन झाले. त्याच्या माणसांनी त्याचे शव मिठाने आणि उन्हाने वाळविले, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळले, आणि ते किनाऱ्यापर्यंत नेण्याचा निश्चय केला. त्यांस कोणी आज्ञा केलेली नव्हती. सुसी, चुमा, वेनराइट आणि त्यांचे सोबती हे ओझे घेऊन लुआपुला नदी ओलांडून, एक हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत, १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयो बंदरात पोहोचले. वाटेत त्यांचे काही सोबती दगावले. वेनराइट शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीस त्याचाही हात लागला. तेथील शिळेवर हे शव विश्वासू हातांनी आणल्याचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे होते हे मात्र त्या शिळेवर नाही. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्या साठ माणसांसाठी नावे कोरलेली पदके पुढे पाडली, परंतु ती तयार होईपर्यंत त्यांतील बहुतेक जण आपापल्या वाटेने पांगले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या भूमीवर मोटार आली. पाउल ग्रेट्झ हा जर्मन लष्करी अधिकारी १० ऑगस्ट १९०७ रोजी पूर्व किनाऱ्यावरील दारेसलाम येथून मुद्दाम उंच बांधून घेतलेल्या गाडीने निघाला आणि १ मे १९०९ रोजी पश्चिम किनाऱ्यावरील स्वाकोपमुंड येथे पोहोचला. आफ्रिका खंड मोटारीने आडवे ओलांडणारा तो पहिलाच. ह्या प्रवासास ६३० दिवस लागले. ज्या प्रदेशात मोटार प्रथमच येत होती, तेथे तिचे पेट्रोल मोटारीने येणे शक्य नव्हते, हे उघड आहे. नवे यंत्र जुन्या पाऊलवाटेवर आणि जुन्याच मनुष्यबळावर विसंबून चालत होते.

पहिल्या महायुद्धात ह्या गोष्टीची भयंकर परीक्षा झाली. १९१४ च्या नोव्हेंबरात जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदरावर हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणी उतरल्या. त्यांत ग्वाल्हेर संस्थानच्या तिसऱ्या पायदळ पलटणीचा अर्धा भागही होता. तो हल्ला फसला आणि युद्ध चार वर्षे लांबले. १९१६ मध्ये जनरल स्मट्सच्या सैन्याने दक्षिणेकडे मुसंडी मारली, तेव्हा एप्रिलच्या पावसाने त्यांस गाठले. कोंडोआ-इरांगी येथे पोहोचलेल्या घोडदळाचा मागील संबंध तुटला. मोटार-लॉऱ्या काळ्या मातीत आसापर्यंत रुतल्या, घोडे आणि बैल माशीने मारले, आणि सैन्याचे अन्न पुन्हा माणसाच्या डोक्यावर आले. लाखो आफ्रिकी पुरुषांस ह्या ‘कॅरिअर कोअर’मध्ये भरती करण्यात आले, अनेकांस बळजबरीनेच. गोळीपेक्षा अतिसार, हिवताप आणि उपासमार यांनीच त्यांतील अधिक माणसे मेली. अधिकृत मोजदादीप्रमाणेही मृतांची संख्या चाळीस हजारांवर जाते. अभ्यासकांचे अंदाज ह्याहून पुष्कळ मोठे आहेत.

नैरोबीतील ‘कारिआकोर’ आणि दारेसलाममधील ‘कारिआकू’ ह्या दोन गजबजलेल्या पेठांची नावे ह्याच कॅरिअर कोअरवरून पडली आहेत. भाजी घेण्यास जाणाऱ्या माणसाच्या तोंडी ह्या हमालांची आठवण अशी नकळत राहिली. दगडावर ती राहिली नाही. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये आपल्या अहवालात मान्य केले की, पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी मेलेल्या निदान १,१६,००० माणसांची, मुख्यतः आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील लोकांची, नावाने स्मृती राखली गेली नाही. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल, असे त्याच अहवालात म्हटले आहे. आयोगाने ह्याबद्दल क्षमा मागितली. परंतु जी नावे लिहूनच ठेवली नव्हती, ती शंभर वर्षांनी कोठून आणावयाची?

युद्ध संपल्यावर मोटारीचा उत्साह पुन्हा वाढला. मेजर चॅप्लिन कोर्ट ट्रीट आणि त्याची पत्नी स्टेला ही दोघे काही सहकाऱ्यांसह २३ सप्टेंबर १९२४ रोजी केपटाउनहून दोन क्रॉस्ली गाड्या घेऊन उत्तरेकडे निघाली. आजच्या झिंबाब्वेच्या, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण रोडेशियाच्या भागात पावसाने त्यांची वाट अडविली आणि एकेक मैल जाण्यास अपार कष्ट पडू लागले. पुढे सुदानच्या दक्षिण भागातील दलदल होतीच. २४ जानेवारी १९२६ रोजी, सोळा महिन्यांनी, ही मंडळी कैरोस पोहोचली. ह्या प्रवासावर स्टेलाने पुस्तक लिहिले आणि त्याचा चित्रपटही झाला. त्यांच्याबरोबर ज्युलियस मापाता नावाचा आफ्रिकी सहकारी होता आणि त्याचे नाव सुदैवाने नोंदले गेले. वाटोवाट ज्यांनी गाड्यांस दोर बांधून त्या चिखलातून ओढल्या आणि झाडे तोडून फांद्या अंथरल्या, त्या शेकडो गावकऱ्यांचे नाव तेवढ्या भाग्याचे नव्हते.

मोटारीने नदी ओलांडण्याचे जे शास्त्र पुढे तयार झाले, ते अशा अनुभवांतूनच. त्याचा पहिला नियम असा की, गाडी पाण्यात घालण्यापूर्वी माणसाने पाण्यात उतरावे. हातात काठी घेऊन तो पैलतीरापर्यंत चालत जातो; तळाशी खडक आहे, वाळू आहे की गाळ आहे हे पायाने चाचपतो आणि खड्ड्यांच्या जागी खुणा करतो. प्रवाहात माणसास पाय रोवून उभे राहता येत नसेल, तर गाडीही तेथे उभी राहणार नाही. नद्यांत मगरी आणि पाणघोडे असतात; म्हणून ही चाचपणी कोठे करावी आणि कोठे करू नये, हे काठच्या गुराख्यास विचारावे लागते. गुरे जेथून नेहमी पार होतात, तोच बहुधा खरा उतार असतो.

मग जुन्या गाडीच्या पंख्याचा पट्टा सोडून ठेवतात. नाहीतर पंखा पाण्यात फिरून ठिणगी पाडणाऱ्या भागावर तुषार उडवितो आणि इंजिन बंद पडते. गाडीच्या तोंडावर ताडपत्री बांधतात. खालचा गिअर घालून गाडी सावकाश पाण्यात सोडतात, आणि तिच्यापुढे जी लहानशी लाट उठते तिच्या मागोमाग, त्याच वेगाने ती नेतात. घाईने गेल्यास पाणी इंजिनात शिरते. मध्येच गिअर बदलण्यास गेल्यास चाकाचा जोर तुटतो आणि गाडी तेथेच बसते. पलीकडे गेल्यावर भिजलेले ब्रेक हळूहळू दाबून वाळवावे लागतात. वाळूत चाकांतील हवा थोडी कमी करतात, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही. काळ्या मातीत साखळ्या, फांद्या आणि फावडे ह्यांचा उपयोग होतो, पण बेताचाच. तेथे जाणता माणूस बहुधा थांबतो. रात्री दुथडी वाहणारी नदी सकाळपर्यंत गुडघ्याएवढी होते, आणि उन्हाच्या दोन प्रहरांत चिखलावर धरणारी साय येते. गोदा-कृष्णेच्या काठी पुराला वाट देऊन बैल सोडून बसणारा आपल्याकडचा गाडीवान हेच करीत असे.

१९४८ मध्ये चारही चाकांस जोर मिळणारी लँड रोव्हर गाडी बाजारात आली आणि आफ्रिकेतील प्रवास पुष्कळ सोपा झाला. तरीही जमिनीचे ज्ञान यंत्रापेक्षा किती मोलाचे आहे, हे एका शर्यतीने जगासमोर आणले. इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ मध्ये केनिया, युगांडा आणि टांगानिका ह्या तीन मुलखांतून ‘कॉरोनेशन सफारी’ नावाची मोटार-शर्यत सुरू झाली. १९६० पासून ती ‘ईस्ट आफ्रिकन सफारी’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. नेहमीच्या रहदारीच्या कच्च्या सडकांवरून हजारो मैल धावण्याची ही शर्यत बरीच वर्षे ईस्टरच्या दिवसांत, म्हणजे मोठ्या पावसाच्या तोंडावर होत असे. १९६३ मध्ये ८४ गाड्या निघाल्या आणि फक्त ७ पोहोचल्या. १९६८ मध्ये निघाल्या ९३, आणि पोहोचल्या पुन्हा ७ च.

युरोपातील नामांकित चालक नव्या गाड्या, कारागीर आणि सुट्या भागांचे साठे घेऊन ह्या शर्यतीस येत. परंतु पहिली एकोणीस वर्षे त्यांतील एकासही ती जिंकता आली नाही. १९७२ मध्ये फिनलंडच्या हानु मिकोलाने ती जिंकली, तोपर्यंतचे सर्व विजेते पूर्व आफ्रिकेत राहणारे होते. १९६५ चा विजेता जोगिंदर सिंग हा केनियातील केरिचो गावी १९३२ मध्ये जन्मलेला पंजाबी शीख. पित्याच्या गॅरेजमध्ये हत्यारे हाताळीत तो मोठा झाला. धाकटा भाऊ जसवंत यास बरोबर घेऊन, आधीच पुष्कळ मैल धावलेल्या एका जुन्या व्होल्व्हो गाडीने त्याने नव्या गाड्यांस मागे टाकले. त्या वर्षी त्याची गाडी सर्वांत पुढे सुटली होती, म्हणजे चिखलात चाकोरी पाडण्याचे काम त्याच्याच वाट्यास आले होते. १९७४ आणि १९७६ मध्ये तो पुन्हा जिंकला. बावीस वेळा त्याने ह्या शर्यतीत भाग घेतला आणि एकोणीस वेळा ती पुरी केली. हा दुसरा आकडा त्याच्या तीन विजयांहूनही बोलका आहे. युगांडात जन्मलेला, गुजराती कुळातील शेखर मेहता ह्याने तर १९७३ मध्ये आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे मिळून पाच वेळा ती जिंकली.

ह्या चालकांस कोणत्या उताराचे पाणी कोणत्या डोंगरातील पावसाने चढते हे ठाऊक होते. गाडी रुतल्यावर काठावरील माणसांस त्यांच्या भाषेत हाक कशी घालावी हेही ठाऊक होते. त्या हाकेस ओ देऊन दहा-वीस माणसे चिखलात उतरत, गाडीस खांदा लावीत, आणि ती सुटून निघून गेली की तोंडावरचा चिखल पुशीत पुन्हा आपल्या कामास लागत. शर्यतीच्या निकालपत्रात चालकाचे नाव असते, गाडीचे असते, चाकाच्या रबराचेही असते.

आज ह्या मार्गांवरील पुष्कळ नद्यांवर पूल झाले आहेत आणि नैरोबीहून मोंबासास जाणारा प्रवासी त्सावो नदी केव्हा ओलांडली हे लक्षातही घेत नाही. ती सफारी शर्यत काही वर्षे जागतिक मालिकेबाहेर राहून २०२१ मध्ये तीत परत आली, आणि पाऊस आला की तिच्या गाड्या आजही रुततात. इतिहासाची पुस्तके अशा प्रवासांविषयी लिहितील तेव्हा त्यांनी सुसीच्या तोंडापर्यंत आलेले पाणी विसरू नये. नाशिकच्या शाळांतून आफ्रिकेचा नकाशा शिकविला जातो. त्यावर बांगवेउलुचे सरोवर दाखविताना जेकब वेनराइट हा ह्याच गावातून तेथे गेला होता, एवढे एक वाक्य मुलांस सांगण्यास कोणतीच अडचण नाही.